मैदान मारले, पण फॉर्म भरला का?

गणपती उठले की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात एक चर्चा हमखास सुरू होते. नारायणगावचा एस.टी. स्टँड असो, मंचरची चहाची टपरी असो की ओतूरचा बाजार असो, चार पोरे जमली की विषय एकच, "यंदा कॉलेजच्या कबड्डीत कोण?" कोणी जुन्नरच्या श्री शिव छत्रपती महाविद्यालयाचे नाव घेतो, कोणी मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयाचे, तर कोणी घोडेगावच्या काळे महाविद्यालयाचे. दोन सामने झाले की पहिला कोण, दुसरा कोण, अशी यादीच तयार होते. कुणाची चढाई कशी, कुणाची पकड कशी, यावर पैजा लागतात.

या चर्चेत आम्हीही हिरिरीने भाग घ्यायचो. आता घेत नाही. त्याचे कारण सांगतो.

आमच्या चुलत भावाचा मुलगा कबड्डी खेळायचा. अंगाने किडकिडीत, पण चढाईला गेला की बोनस घेतल्याशिवाय परतायचा नाही. कॉलेजचे सामने झाले, त्याचे नाव झाले. पुढे त्याची विद्यापीठाच्या संघासाठी निवड झाली. घरात पेढे वाटले. वहिनींनी उसनवारी करून नवे बूट आणले. आणि संघ निघायच्या आठ दिवस आधी कळले की त्याचा पात्रतेचा फॉर्म परत आला. त्याने त्या वर्षी कॉलेज बदलले होते. आधीच्या कॉलेजात फी थोडी बाकी होती म्हणून दाखला अडकला होता, आणि नव्या कॉलेजातला प्रवेश 'तात्पुरता' राहिला होता. जूनपासून तो ऑफिसात चकरा मारत होता. "होईल रे, काय घाई आहे?" एवढेच उत्तर मिळत होते. संघ गेला. पोरगा घरीच राहिला.

ऑफिसचा दोष होताच. पण आमचा नव्हता काय? चार महिने आम्ही टाळ्या वाजवल्या, पण एकदाही विचारले नाही, "बाळा, तुझा दाखला आला का?" हत्ती गेला आणि शेपूट अडकले ते असे.

म्हणून वाचकहो, आज जिंकण्या-हरण्याचे नाही, पुढच्या पायरीवर जायला काय लागते त्याचे बोलू.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या खेळांत पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिक असे विभाग आहेत. आपली जुन्नर, मंचर, घोडेगावची कॉलेजे पुणे जिल्हा विभागात येतात. आधी विभागातल्या कॉलेजांचे आपसांत सामने होतात. त्यातून खेळाडू निवडून विभागाचा संघ होतो. मग विभागाविभागांत सामने होतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निघतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. निवड खेळाडूची होते. तुमच्या मुलाचे कॉलेज पहिल्याच फेरीत हरले तरी त्याचा खेळ डोळ्यांत भरला तर तो पुढे जाऊ शकतो. तेव्हा कॉलेज हरले म्हणून पोराने लगेच बूट खुंटीला टांगू नयेत.

विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. भारतीय विद्यापीठ संघ या स्पर्धा भरवतो. देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे चार विभाग, आणि प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला, म्हणजे एकूण सोळा. त्यातले पहिले आठ 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धेला जातात. ही स्पर्धा २०२० साली भुवनेश्वरला पहिल्यांदा झाली. या साऱ्या वाटेवर वर्तमानपत्रातल्या अंदाजाला कोठेच जागा नाही. मागच्या वर्षी पहिले चार आलेल्या संघांना सामन्यांच्या तक्त्यात मानाची जागा मिळते, तेवढेच. बाकी जिंकेल तो पुढे.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या हॉकीचे मोठे वेड आहे. ती हॉकी आपल्यासारखी मैदानावरची नव्हे, बर्फावरची. ऑक्टोबरात हंगाम सुरू व्हायच्या आतच तेथे जाणकार मते देऊन पहिल्या वीस संघांची यादी छापतात. लोक त्यावर भांडतात. पण हंगामाच्या शेवटी मुलांच्या मोठ्या स्पर्धेला सोळाच संघ घेतात. सहा गटांचे विजेते थेट जातात आणि उरलेले दहा वर्षभराच्या सामन्यांच्या हिशेबावरून निवडतात. ऑक्टोबरातल्या यादीला तेव्हा दमडीचे मोल नसते. शिवाय खालच्या श्रेणीतून वर आलेल्या कॉलेजांना तेथे काही वर्षे वाट पाहावी लागली आहे. सामने खेळायचे, जिंकायचे, पण शेवटच्या स्पर्धेचे दार बंद. खेळ वेगळा, देश वेगळा, पण रीत तीच. वाहवा एकीकडे, पात्रता दुसरीकडे.

आता आपल्या मुलामुलींना लागणारी पात्रता पाहू. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १७ ते २५ च्या आत लागते, आणि ते १ जुलैला मोजतात. बारावी होऊन आठ शैक्षणिक वर्षांपेक्षा जास्त काळ गेलेला चालत नाही. प्रवेश निदान एक वर्षाच्या नियमित अभ्यासक्रमाला आणि पक्का हवा, तात्पुरता चालत नाही. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला खेळता येत नाही. एका वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येते. फॉर्मवर दहावी-बारावीची साले, जन्मतारीख आणि सध्याचा वर्ग लिहून कॉलेजची व विद्यापीठाची सही-शिक्का लागतो. नियमांत अधूनमधून बदल होतो, म्हणून दर जूनमध्ये क्रीडा विभागाच्या सरांकडून त्या वर्षीचे नियम वाचून घ्यावेत.

हे नियम सर्वांना सारखेच, पण ते आपल्या घरांना जास्त टोचतात. का? आपला मुलगा बारावीनंतर वर्ष-दोन वर्षे चाकणच्या कंपनीत कामाला जातो, नाहीतर टोमॅटोच्या हंगामात मार्केटला हमाली करतो, आणि मग कॉलेजला नाव घालतो. त्याची वर्षे तेवढी आधीच खर्ची पडलेली असतात. शाळेत नाव घालताना आजोबांनी अंदाजे सांगितलेली जन्मतारीख आणि एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरेच असे नाव, हे दुखणेही आपलेच. फीची बाकी आणि त्यापायी अडकलेला दाखलाही आपल्याच दारात येतो. श्रीमंताच्या पोराचे कागद फाईलमध्ये असतात. आपले ट्रंकेत, नाहीतर पावसात भिजलेले.

तरीही आम्ही म्हणू की लिहिलेला नियम हा गरिबाच्या बाजूचाच असतो. जेथे मर्जीवर निवड होते तेथे ओळखीचा माणूस पुढे जातो. जेथे नियम कागदावर आहे तेथे आपल्याला बोट ठेवून विचारता येते, "साहेब, कोणत्या नियमाने नाही म्हणता? ते लिहून द्या." आमच्या पुतण्याच्या वेळी आम्ही हे विचारले नाही. जूनमध्येच लेखी अर्ज देऊन पोच घेतली असती, तर दाखल्याची गोष्ट ऑक्टोबरपर्यंत लोंबकळली नसती.

आणि यात नुसता मान नाही, पोटाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणती स्पर्धा, कोणता क्रमांक, हे ठरलेले आहे. नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवू नका. प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. खोटी प्रमाणपत्रे विकणारे दलाल मागे पडले होते, त्यांच्या नादाला लागून पोरे नोकरीही गमावून बसली. पैसे देऊन कागद घ्यायचा नाही, खेळून घ्यायचा.

मुलींच्या आईबापांना एक शब्द. मुलगी परगावी खेळायला जाणार म्हटले की घरात कुजबूज होते. संघाबरोबर बाई व्यवस्थापक कोण आहेत, मुक्काम कोठे आहे, परतीची गाडी कोणती, हे सरांना खुशाल विचारा. ते तुमचे कामच आहे. पण विचारून झाले की तिला जाऊ द्या. तिचीही वये आणि वर्षे मोजलीच जात असतात.

घरातल्या कर्त्या माणसाने एवढे करावे. एक प्लास्टिकची फाईल घ्यावी. तिच्यात दहावी-बारावीची गुणपत्रके, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, फीच्या पावत्या, ओळखपत्र आणि सहा फोटो ठेवावेत. सगळ्या कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे का, ते एकदा बोट ठेवून वाचावे. फरक असेल तर दुरुस्ती उन्हाळ्यातच करावी. प्रवेश पक्का झाल्याचे लेखी घ्यावे. खेळाडूने पूर्णवेळ नोकरी धरण्याआधी सरांना विचारावे.

आमचा तो पुतण्या आता पिकअप चालवतो. नारायणगावहून पहाटे टोमॅटो घेऊन वाशीला जातो. खेळ सुटला, पण रविवारी विहाराच्या पटांगणात लहान पोरापोरींना तो चढाई शिकवतो. गेल्या जूनमध्ये त्याच्या धाकट्या बहिणीने कॉलेजला नाव घातले. ती पण खेळते. तो तिच्याबरोबर ऑफिसात गेला, खिडकीपाशी उभा राहिला आणि पावतीवर शिक्का पडेपर्यंत हलला नाही. घरी आल्यावर आम्हाला म्हणाला, "काका, यंदा कोण जिंकणार ते नंतर बघू. हिचा प्रवेश पक्का झाला."