विवाहाचे व्रत आणि विवेकाचे स्वातंत्र्य

ख्रिस्ती विवाहविधीत वधू आणि वर सुखात व दुःखात, आरोग्यात व आजारपणात परस्परांना साथ देण्याचे वचन भरल्या मंडळीसमोर देतात. या वचनाची थोरवी सांगणारी प्रवचने पुष्कळ होतात. परंतु वचन देऊन झाल्यावर दोघांची मने निरनिराळ्या वाटांनी जाऊ लागली, तर त्या वचनाचे काय, या प्रश्नाकडे आपण सहसा वळत नाही. वस्तुतः संसारातील आत्मिक वाढीचा आरंभ याच प्रश्नापाशी होतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार हे या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. 1880 मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा लक्ष्मीबाई बालिकाच होत्या. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काही काळ पंढरपुरास नातलगांच्या आधाराने राहिल्या. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारला, तर न्यायालयामार्फत विवाह मोडून घेण्याची वाट 1866 च्या कायद्याने धर्मांतरितांना मोकळी करून दिली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र नांदावयास राजी असेल, तर त्याला सोडू नये, असा उपदेश संत पौलानेही करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात केलेला आहे. पुढे ही दोघे पुन्हा एकत्र नांदू लागली, ती मात्र आपापल्या श्रद्धा राखून. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने विचार करून.

या कथेतील टिळकांच्या धीराचे कौतुक नेहमी होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या धीराची किंमत अधिक कोणी मोजली? समाजाचे बोल, परावलंबन आणि एकटेपण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा तापटपणा आणि व्यवहारशून्यता हसतखेळत, पण आडपडदा न ठेवता सांगितली आहे. त्या कथनात भक्ती आहे, भाबडेपणा नाही.

सहनशीलतेचा उपदेश बहुधा स्त्रीलाच केला जातो, हा आपल्या धर्मजीवनातील जुना दोष आहे. कायदाही त्यास अपवाद नव्हता. 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र, काही मोजके अपवाद वगळता, व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली आणि 2001 च्या दुरुस्तीने पतिपत्नींना समान आधार मिळाले. या सुधारणेमुळे विवाहाचे पावित्र्य ढळते, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की ज्या घराचे दार एकालाच उघडता येते, त्या घरातील निष्ठेला निष्ठा म्हणावे काय?

अर्थात, कायदा दार समान करतो. घर बांधण्याचे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये कुटुंबातील प्रेमावर लिहिलेल्या दीर्घ पत्रात, चर्चने माणसांचा विवेक घडवावा, त्याची जागा घेऊ नये, अशा आशयाचा विचार मांडला आहे. हाच नियम घरालाही लागू पडतो. पतीने पत्नीच्या, पत्नीने पतीच्या, आणि दोघांनी मुलांच्या विवेकाची जागा घेऊ नये. कोणी उपासनेला किती वेळा जावे, कोणती नोकरी करावी, मिळकतीतील किती वाटा दानधर्माला द्यावा, अशा रोजच्या प्रश्नांतच या नियमाची कसोटी लागते. एकमत होईपर्यंत वाट पाहणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. मात्र ती वाट दोघांनीही पाहिली पाहिजे.

टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या या स्त्रीने ते काम कोणाच्या आज्ञेने केले नाही. तिची श्रद्धा तिची स्वतःची होती, म्हणूनच ते तिच्या हातून झाले. विवाहाची तयारी करून घेणाऱ्या धर्मगुरूंनी आणि वडीलधाऱ्यांनी तरुणांना हा इतिहास आवर्जून सांगावा. ‘दोघे एकदेह होतील’ या वचनात दोन मने एक करून टाकण्याची आज्ञा नाही, हे त्यांना वेळीच उमगेल.