विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त?

गांधीबागेच्या कापडबाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर भरलेल्या एका चर्चासत्रात परवा ते वाक्य आम्ही पुन्हा एकदा ऐकले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त ठेवला, बाकी सारे वारकऱ्यांचेच. माना डोलल्या. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘मग टिळक ख्रिस्ताला देव मानत होते की गुरू?’’ अध्यक्ष हसून म्हणाले, ‘‘तो प्रश्न धर्मशास्त्राचा. आपण साहित्याचे.’’ आणि सत्र चहासाठी थांबले.

आमचे म्हणणे असे की तो प्रश्न साहित्याचाच होता. ‘अमृतानुभव’ शिकवताना मायावाद आणि चिद्विलासवाद यांवर तीन-तीन तासिका खर्च करणारे आपण मराठीचे प्राध्यापक. तेव्हा कोणी म्हणत नाही की हे धर्मशास्त्र आहे, पुढे चला. ज्ञानदेवांना तत्त्वज्ञान असते आणि टिळकांना मात्र नुसती भक्ती असते, ही वाटणी कोणी केली?

मुळात ‘ख्रिस्त देव आहे’ हे वाक्य मराठीत फार स्वस्तात उच्चारता येते. आपल्या भाषेत देव या शब्दाचे मन मोठे आहे. त्यात आणखी एक सहज मावतो. ‘अवतार’ म्हटले की कामच संपले. पण ज्या परंपरेत हा वाद पेटला तिथे देव एकच होता, आणि म्हणूनच एका सुताराच्या मुलाला देव म्हणणे हे भयंकर धाडस होते. अलेक्झांड्रियाच्या एरियसने पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून उणा, असे मांडले. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने ते फेटाळले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचा निर्णय दिला. निर्णय झाला, वाद मात्र शमला नाही.

तो मराठी माणसाच्या अंतःकरणात किती खोल उतरू शकतो हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंची पत्रे वाचावीत. बंगाल-आसामात ब्राह्म विचारांच्या सहवासात रमाबाई एकेश्वरी श्रद्धेकडे वळल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांतच त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि त्याचा अलौकिक जन्म यांवरून भांडत होत्या. अनेक देवांना मागे टाकून आलेल्या या विदुषीला एका ईश्वरातल्या तीन व्यक्ती सहजी पचेनात. अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार त्यांना मान्य नव्हता. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्च म्हणेल ते सारे कबूल केले असे नव्हे, ही त्यांची भूमिका. जेराल्डिनना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र धाक न घालता युक्तिवाद केला. (असा गुरू आपल्यापैकी किती जणांना लाभतो?)

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेने वेगळे वळण घेतले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साक्षीत तारणाऱ्या ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास निःशंक आहे. त्यामुळे एक पक्ष म्हणतो, तो संशय तात्पुरता होता, विसरा. दुसरा म्हणतो, तो संशयच खऱ्या रमाबाई, पुढची श्रद्धा विसरा. दोघांनाही अर्धीच रमाबाई हवी. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपात आणला. पण तो इंग्रजीत, म्हणून आम्ही मराठीवाले निर्धास्त!

टिळकांचा मार्ग निराळा, आणि तो आमच्या गावातून जातो. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांत रमलेल्या आणि ‘ऋषि’ मासिक चालवणाऱ्या टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने बायबल दिले. गांधीबागेशेजारच्या इतवारीच्या स्थानकावरून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाड्या आजही धावतात. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते चकित होतात. टिळकांना प्रथम धरून ठेवले ते डोंगरावरच्या प्रवचनाने, म्हणजे शिकवणाऱ्या ख्रिस्ताने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या कवितेत ख्रिस्त गुरू होतो, माउली होतो, आणि तुकोबांचे ऋण ते उघड मानतात.

म्हणून काय विठ्ठल काढून ख्रिस्त ठेवला? करून पाहा. विठ्ठल अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे. त्याला मरणाची तिथी नाही. ख्रिस्ताला एका रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत, ठरावीक गावी, गुन्हेगाराचे मरण आले, आणि त्या मरणावर सारे तारण उभे आहे. कृष्णालाही व्याधाचा बाण लागला, पण त्या बाणाने कोणाचे पाप फिटत नाही. टिळकांचा अभंग वाचताना ओळखीचा छंद आणि अनोळखी मरण यांत जो ताण निर्माण होतो, तीच त्या कवितेची जान आहे. ‘मराठी वेश चढवला’ म्हणणाऱ्याला वेश दिसतो. आत कोण आहे हे त्याने पाहिलेलेच नसते.

ख्रिस्ताचे मराठी महाकाव्य लिहायला टिळक बसले, तेव्हा रामायणाच्या वळणावर त्याला ‘ख्रिस्तायन’ हे नाव दिले. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. त्या बाप्तिस्मा न घेतलेल्यांनी ख्रिस्ताला नेमके काय म्हणून नमस्कार करावा, देव म्हणून की गुरू म्हणून? चहापूर्वी त्या मुलीने विचारले होते ते हेच. येत्या सत्रात ‘ख्रिस्तायन’ आणि रमाबाईंची पत्रे शेजारी ठेवून आम्ही तिच्याच प्रश्नापासून सुरुवात करणार आहोत.