आधी भिंत मोजावी

वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. तेथील गल्ल्या अरुंद, खोल्या बेताच्या. अशा घरात पडद्यावर चित्रपट पाहण्याची हौस असली, तरी जवळच्या दुकानांत प्रोजेक्टरचे नमुने मोजकेच. मग जाहिरातीतील आकड्यांवर भिस्त ठेवून दूरवरून मागवणे आले. येथेच सावध राहावे.

‘थ्रो रेशो’ १.५ असेल, तर ६ फूट रुंद चित्रासाठी ९ फूट अंतर लागते. प्रकाश ‘एएनएसआय ल्युमेन’मध्येच पाहावा. ‘४के सपोर्ट’ म्हणजे मूळ रिझोल्यूशन ४के नव्हे. आणि दुरुस्तीची सोय शहरात नसेल, तर स्वस्त यंत्रही अखेर महागच पडते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तद्वत भिंत पाहून यंत्र निवडावे, हप्ता त्यानंतर.