डोकी फेकू नका

पडवळावर गेल्या पावसात लिहिलं, तेव्हापासून आगरदांड्याच्या जेट्टीवर कुणी भेटलं की आधी माझ्या परसाची चौकशी करतं. तर यंदा वांगी पिवळी पडलीत. खालची पानं आधी पिवळी, म्हणजे नत्राची भूक. मूठभर युरिया हवा होता. दुकानदाराने ऐकवलं: सुटा नाही, अख्खी गोणी घ्या, आधार आणा, अंगठा लावा आणि सोबत ही द्रवखताची बाटलीही घ्यावी लागेल. माझं परस चार वाफ्यांचं. पण ज्याची दोन एकर भातशेती आहे, त्याला ही नको असलेली बाटली दर हंगामात गळ्यात घ्यावी लागते, याची मला चीड आहे.

युरियात नत्र 46 टक्के, गोणी 45 किलोची, आणि तो आमच्याच जिल्ह्यात थळला बनतो. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, निंबोळी पेंडीत पाचच्या आसपास, शेंगदाणा पेंडीत सात. शिवाय आमच्या धो-धो पावसात युरियाचा बराचसा भाग वाहूनच जातो.

आणि इथे राजपुरीच्या खाडीकाठी रोज मासळी उतरते. डोकी, कल्ले, आतडी, म्हणजे नत्रच, कचऱ्यात जातं. नारळ-सुपारीच्या वाड्यांना मासळीचं खत घालणं किनाऱ्यावर जुनंच आहे, भाजीला मात्र फारसं कुणी घालत नाही. बाजारातल्या मावशींना म्हटलं, "मावशी, डोकी टाकू नका, मला द्या." त्या म्हणाल्या, "रोज ने, आमचंही ओझं कमी."

शेजारच्या काकांना हे पटलं नाही. त्यांचा विश्वास राबावर. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्यांची कवळं पसरून दाढ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायची, ही इथली जुनी रीत. मी त्यांना म्हटलं, "काका, तण मरतं, राखेतून पालाश मिळतं, हे खरं. पण नत्र बहुतेक धुरातून जातं." काका म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी काय उपाशी शेती केली?" उपाशी नाही केली. पण तेव्हा गोठ्यात गुरं होती, शेण मुबलक होतं. आता गोठे रिकामे, आणि डोंगरावरची कवळं तोडून झाडं बोडकी झालीत. तेवढाच पाला न जाळता चिखलात तुडवला तर नत्र शेतातच राहील. बांधावर गिरिपुष्प लावलं तर डोंगरावर जायलाच नको. त्याचा कोवळा पाला लवकर कुजतो, आणि फांदी खोचली की झाड धरतं. काका अजून विचारात आहेत. यंदा निदान एका तुकड्यावर करून पाहा, असं म्हणत मी त्यांच्यामागे लागलोय.

वांग्यांचं सांगायचं राहिलं: मावशींकडची डोकी वाफ्यात पुरली, आणि नवी पानं हिरवी येताहेत. तुम्हीही करा. मासळीचा कचरा खोडापासून हातभर लांब, वीत-दीड वीत खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतील. किंवा तेवढ्याच वजनाचा गूळ घालून झाकून ठेवा, मुरला की गाळून लिटरभर पाण्यात दोन-तीन मिली टाका. मिठातली सुकी मासळी मात्र घालू नका, मुळं करपतात.