मानमोडीवर ग्रीक वशीकरण शोधणाऱ्यांसाठी (थ्रेड)

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची नावे कोरलेली आहेत आणि या तीन नावांच्या पायावर समाजमाध्यमांत एक अख्खे ग्रीक नगर उभे केले जाते. ‘जुन्नर म्हणजे ग्रीकांची वसाहत’ एवढ्यावर आता भागत नाही. त्यांचे देव, त्यांची वाद्ये, त्यांची जादूसुद्धा इथेच उतरवली जाते. काशाची घंटा दिसली की ती ग्रीक, गरगरणारी चकती दिसली की तीही ग्रीक. हा थ्रेड त्या सवयीविरुद्ध आहे.

आधी ग्रीकांकडे खरोखर काय होते ते पाहणे आवश्यक आहे, कारण ते मुळातच विलक्षण आहे.

ग्रीक प्रेमजादूत दोन फिरती साधने वारंवार येतात. पहिले ‘इयुंक्स’. मध्यभागी दोन भोके असलेले छोटे चाक, त्यांतून ओवलेला दोरा. दोरा ताणला, सैल सोडला की चाक गुंजारव करीत उलटसुलट फिरते. मोठ्या बटणात दोरा ओवून पोरे जे खेळणे फिरवतात, त्याचीच ही रचना. दुसरे ‘ऱ्होम्बोस’. लाकडाची चपटी पट्टी दोरीला बांधून गोल फिरवली की ती स्वतःभोवतीही फिरते. दोरीला पीळ बसतो, सुटतो, पुन्हा उलटा बसतो, आणि त्या तालावर घरघर चढते व उतरते. प्राचीन कवींनी ही नावे पुष्कळदा सैलपणे वापरली. त्यांतला भेद नीट लावण्याचा प्रयत्न ए. एस. एफ. गो या अभ्यासकाने १९३४ मध्ये केला.

इयुंक्स हे मुळात एका पक्ष्याचे नाव. हा सुतार पक्ष्याच्या कुळातला, संकटात मान सापासारखी पिरगळणारा पक्षी. पिंडार या कवीच्या इ.स.पू. ४६२ च्या स्तोत्रात अशी कथा येते की, अफ्रोदिती देवीने हा पक्षी चार आऱ्यांच्या चाकाला जखडून मानवांत आणला आणि इआसोनला त्याचा मंत्र शिकवला. हेतू हा की मेदियाने आईबापांची मर्यादा विसरून त्याच्यामागे यावे. प्रेमजादूचे स्वरूप येथे उघड होते. दुसऱ्याची इच्छा मोडून त्याला ओढून आणणे हे तिचे काम. पुढच्या काळात इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक जादूच्या पपायरसांतही प्रेमजादूचे बहुसंख्य प्रयोग स्त्रीला तिच्या घरातून खेचून आणण्याचेच आहेत. यात ज्यांना ‘प्राचीन प्रणयाचे संगीत’ ऐकू येते, त्यांनी मेदियाच्या बाजूने एकदा विचार करावा.

थिओक्रितस या कवीच्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या दुसऱ्या काव्यात सिमाइथा नावाची तरुणी सोडून गेलेल्या प्रियकरासाठी रात्री हा विधी करते. ती मेण वितळवते, तमालपत्राच्या जातीची पाने जाळते, काशाचा ऱ्होम्बोस फिरवते. तेवढ्यात गावातली कुत्री विव्हळू लागतात. तिठ्यावर हेकाती देवी आल्याची ती खूण. सिमाइथा दासीला तातडीने काशाचे भांडे बडवायला सांगते. हा तपशील महत्त्वाचा आहे. चाक ओढण्यासाठी आहे, पण कासे बडवणे हे ओढण्यासाठी नाही. ते आलेल्या भयापासून बचावण्यासाठी आहे. हेरोदोतसने लिहिले आहे की स्पार्टाचा राजा वारला की स्त्रिया नगरात हंडे बडवीत फिरत. म्हणजे खुद्द ग्रीकांतही प्रत्येक आवाजाचे काम वेगळे होते, आणि ‘घंटा म्हणजे वशीकरण’ हे समीकरण तिथेच टिकत नाही.

आता जुन्नर. शहराच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. मान पिरगळणाऱ्या पक्ष्याला ‘मानमोडी’ हे वर्णन किती चपखल बसते! पक्षी मानमोडी, डोंगर मानमोडी, डोंगरात यवनाचा लेख, आणि तोच पक्षी ग्रीक प्रेमजादूच्या चाकावर. पाच मिनिटांत लाखभर लोकांपर्यंत पोहोचेल अशी ही साखळी आहे, आणि ती पहिल्याच कडीला तुटते. लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत या स्थळाचे नाव ‘मानमुकुड’ असे आले आहे. आजचे ‘मानमोडी’ हे त्याचे झिजलेले रूप. पक्ष्याचा तिथे काहीही संबंध नाही. शब्दांच्या साम्यावर इमले बांधण्याचा मोह मोठमोठ्यांनाही आवरलेला नाही. दोन यवनांच्या नावांसोबत येणाऱ्या ‘गत’ या शब्दावरून स्टेन कोनो या विद्वानाने थेट युरोपातले गॉथ लोक जुन्नरात आणले होते.

त्या तीन यवनांनी केले काय? इरिल याने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट याने संघाला भोजनमंडप दिला. चंद याने मानमोडीच्या भूतलिंग लेण्याचे गर्भद्वार दिले. त्याच लेण्याच्या दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे. तिघांचेही लेख प्राकृतात, ब्राह्मी लिपीत. चाक नाही, पक्षी नाही, अफ्रोदिती नाही, हेकाती नाही. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत, त्यांतला एक सिहधय, म्हणजे सिंहध्वज. नाशिकच्या लेण्यात उत्तरेकडचा योनक इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा पुत्र. या माणसांनी येथली नावे, येथली भाषा, येथला धर्म स्वीकारला, आणि आपण परके होतो ही ओळख एका शब्दात जपून ठेवली. इतिहासाने हातात ठेवलेली गोष्ट ही आहे. ती टाकून त्यांच्या हातात जादूचे चाक देणे म्हणजे त्या दात्यांनी स्वतःविषयी दगडात जे लिहवून घेतले, ते खोडणे होय.

‘पण वस्तू तर सारखीच आहे ना?’ हा युक्तिवाद ठरलेला आहे. अँड्र्यू लँगने १८८४ च्या ‘कस्टम अँड मिथ’ या ग्रंथात घरघरणाऱ्या पट्टीवर अख्खे प्रकरण लिहिले. ती पट्टी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या दीक्षाविधीत आहे आणि ग्रीकांच्या गूढविधींतही आहे. ऑस्ट्रेलियात ती कोणत्या यवनाने नेली? एक फळकूट आणि एक दोरी ज्याच्याकडे आहे, त्याला ती सुचू शकते. साम्य हा प्रश्नाचा आरंभ असतो. संपर्काचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

दुसऱ्या बाजूचे उत्साही वीरही येथे सुटत नाहीत. अथर्ववेदात वशीकरणाची सूक्ते आहेत, कामसूत्राचे शेवटचे अधिकरण याच प्रयोगांना वाहिलेले आहे. म्हणून ‘ग्रीकांनी आपल्याकडूनच उचलले’ अशी आरोळी लगेच उठते. दोन समाजांत नाकारलेले प्रेमिक होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. सातवाहनांच्या काळातल्या प्रणयाची खरी उत्सुकता असेल तर हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती उघडावी. शेते, नदीकाठ, दूती, रुसवे आणि सासरची पाळत यांतून घडणारे प्रेम तिथे विपुल आहे, आणि त्यासाठी भूमध्य समुद्र ओलांडावा लागत नाही.

या वादाची झळ मेलेल्या यवनांना लागत नाही, ती जिवंत माणसांना लागते. जुन्नर तालुक्यात वडज आणि धामणखेल येथे खंडोबाची ठाणी आहेत. जागरणात वाघ्याची दिमडी, तुणतुणे आणि मुरळीच्या हातातली घंटा वाजते. दूर बसलेला कुणी त्या घंटेचे छायाचित्र टाकून ‘ग्रीक विधीचा अवशेष’ असे लिहितो, तेव्हा वाजवणाऱ्याला त्याच्याच वाद्याविषयी विचारण्याची गरज संपते. हेच साधन अथेन्सच्या संग्रहालयात असले की ते ‘धार्मिक विधी’, आणि वडजच्या माणसाच्या हातात असले की ‘जादूटोणा’, नाही तर परक्याची उष्टावळ. मुरळीच्या प्रथेतले शोषण हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे; त्यावर बोलायचेच असेल तर १९३४ च्या मुंबई देवदासी कायद्यापासून सुरुवात करावी. दिमडीला कातडे कसे चढवतात, ती कोणत्या पदाला थांबते, घंटा केव्हा वाजवायची आणि केव्हा नाही, हे सांगणारी माणसे आजही त्या ठाण्यांवर भेटतात.