निदानाची मजुरी

मालवाहू पिकअप गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली, भाजीपाल्याची क्रेटे, सिमेंटची पोती आणि लग्नसराईतील मंडपाचा सरंजाम वाहता वाहता तिच्या अंगातील रग ओसरली, म्हणजे केव्हातरी तिच्या चार सिलिंडरांपैकी एखादा कामचुकारपणा करू लागतो. उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, घाटात जोर उतरतो, आणि चालक मालकास येऊन वर्दी देतो की, गाडी ‘मिसिंग’ मारते आहे. यापुढील हकीकत बहुतेक गॅरेजांत एकाच वळणाने जाते. प्रथम नोझले बदलली जातात. गुण येत नाही, म्हणून पंप उतरवून पंपवाल्याकडे रवाना होतो. तोही निर्दोष ठरला, की हेड उतरवण्याचा फैसला होतो, आणि एवढा सारा खर्च होऊन गेल्यावर पुष्कळदा असे निष्पन्न होते की, फिल्टर आणि पंप यांमधील नळीच्या जोडावरचा तांब्याचा वॉशर झिजला होता आणि तेथून गाडी हवा ओढत होती.

या प्रकाराबद्दल मिस्त्रीच्या अज्ञानास किंवा अप्रामाणिकपणास बोल लावण्याची आपल्याकडे रीत आहे. माझे मत निराळे आहे. दोष आपल्या मोबदल्याच्या पद्धतीत आहे. गॅरेजच्या बिलात मालाची किंमत असते, तो बसवण्याची मजुरी असते. परंतु बिघाड कोठे आहे हे शोधून काढण्यासाठी खर्ची पडलेल्या तासा-दोन तासांची कलमवार नोंद त्यात कोठेही नसते. वैद्याने नाडी पाहून, औषध न देता, पथ्य सांगून परत पाठवले तरी आपण त्याची फी मुकाट्याने देतो; मिस्त्रीने मात्र एक वॉशर बदलून गाडी सुरळीत केली, तर त्या वॉशरच्या किमतीवर बोट ठेवून आपण घासाघीस करतो. अशा स्थितीत विचार करणाऱ्या मिस्त्रीपेक्षा सुटे भाग बदलणाऱ्याची चूल अधिक नियमितपणे पेटली, तर त्यात आश्चर्य ते काय?

वास्तविक जुन्या डिझेल इंजिनाचे निदान हे तर्कशास्त्राचे एक फार सुंदर प्रकरण आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी 1892 साली ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 साली आउग्सबर्ग येथे जी यशस्वी करून दाखवली, तीत ठिणगीला स्थान नाही. हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली, की ती पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पुरेसा दाब, बारीक फवारा आणि योग्य क्षण एवढेच हवे असते. पैकी काय चुकले, ते पाना हाती घेण्यापूर्वी चालकाचा जबाब घेऊनच निम्मे कळते. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते, चारही सिलिंडर आळीपाळीने अडखळतात आणि काही वेळाने सारे आपोआप सुरळीत होते काय? मग नळीतून हवा शिरत असल्याचा संशय प्रथम घ्यावा, आणि फिल्टर व पंप यांमध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. गार असताना ठीक आणि तापल्यावर मिसिंग, असे असेल, तर टॅपेटची फट इतकी कमी झालेली असू शकते की, तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. काळा धूर आणि कडक ठोका असेल, तर नोझल फवारण्याऐवजी थेंब गाळत असण्याचा संभव अधिक.

त्यानंतरची परीक्षा तर कोणत्याही यंत्राशिवाय होते. इंजिन चालू ठेवून प्रत्येक नोझलच्या पाइपाचे नट क्षणभर सैल करावे. ठोका बदलला, तर तो सिलिंडर काम करत होता, आणि काहीच फरक पडला नाही, तर गुन्हेगार सापडला. पण नोझल गुन्हेगार आहे, असे तेवढ्याने सिद्ध होत नाही, आणि बहुसंख्य चुका नेमक्या याच पायरीवर घडतात. ते नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवावे. मिसिंग त्याच्यामागे गेली तर नोझल दोषी, जागच्या जागी राहिली तर प्रथम टॅपेट, मग कॉम्प्रेशन, आणि तेव्हाच, तेही दाब मोजून, हेडकडे वळावे. एका वेळी एकच बदल करावा, ही शिस्त येथे सर्वांत मोलाची. चारही नोझले एकदम बदलणारा मिस्त्री गाडी कदाचित बरी करील, परंतु ती कशाने बरी झाली, हे त्याला स्वतःलाही कधी कळणार नाही. (नव्या कॉमन रेल गाड्यांवर मात्र हा पाइप सैल करण्याचा प्रयोग कोणी करू नये; त्या नळीतील दाब हजार बारच्याही वर जातो आणि तशी धार कातडी भेदून आत शिरते. तेथे स्कॅनर प्रत्येक सिलिंडरचे माप वेगळे सांगतो. सिलिंडर का रुसला, हे मात्र तोही सांगत नाही.)

म्हणून माझी सूचना अशी की, गॅरेजांनी तपासणीची फी दर्शनी भागी लावावी, ती आगाऊ ठरवावी, आणि त्याच गॅरेजात दुरुस्ती केल्यास त्या फीचा काही अंश वळता करून द्यावा. यावर आक्षेप येईल की, फी घेऊन मिस्त्री नुसता हात फिरवील आणि ‘हेडच उतरवावे लागेल’ असे सांगून मोकळा होईल. आक्षेप रास्त आहे. परंतु फी देणाऱ्या गिऱ्हाइकास एक हक्कही प्राप्त होतो, आणि तो आज कोणी बजावत नाही. कोणता सिलिंडर, कोणत्या परीक्षेने ओळखला, कॉम्प्रेशनचे आकडे चारही सिलिंडरांचे किती आले, हा तपशील त्याने लेखी मागावा, आणि उतरवलेले जुने भाग ताब्यात घ्यावेत. ज्या मिस्त्रीने खरोखर शोध घेतला असेल, त्याला तो कागद लिहायला पाच मिनिटे पुरतात. ज्याने घेतला नसेल, तो कागदाचे नाव काढताच कामाच्या गर्दीची सबब सांगू लागेल, आणि मग गाडी दुसरीकडे न्यावी.