वेळेवर सोडलेली तयारी

जो खर्च होऊन गेला आहे आणि पुढच्या कोणत्याही निर्णयाने परत मिळणार नाही, त्याला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात. हाती घेतलेले काम चालू ठेवावे की थांबवावे हे ठरवताना तो हिशेबात धरू नये, यापुढे काय खर्ची पडेल आणि त्यातून काय मिळेल एवढेच पाहावे, असा त्या शास्त्राचा नियम आहे. माणूस सहसा याच्या उलट वागतो. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नाटकांचे हंगामी तिकीट पूर्ण किमतीला घेणारे प्रेक्षक, तेच तिकीट सवलतीत मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पूर्वार्धात अधिक प्रयोगांना गेले. प्रयोग तेच होते आणि पैसे दोघांचेही गेलेलेच होते.

महाराष्ट्रात या नियमाची कसोटी लागते ती स्पर्धा परीक्षांच्या तयारीत. पुण्याच्या सदाशिव पेठेतील आणि नवी पेठेतील अभ्यासिकांत गावोगावचे हजारो पदवीधर बसतात, आणि खोलीभाडे, मेस, क्लास व सराव परीक्षा यांसाठी घरून जे पैसे येतात त्यांमागे अनेकदा आईवडिलांनी मारलेले पोट असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, पूर्वपरीक्षेला प्रत्यक्षात ५,८३,२१३ जण बसले आणि अखेर शिफारस झाली १,००९ जणांची. या परीक्षेत खुल्या गटासाठी सहा संधी आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे. राज्यसेवेत तर खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ पर्यंत जाते. दार इतक्या उशिरा बंद होत असल्यामुळे थांबायचे केव्हा हे आयोग सांगत नाही, ते उमेदवारालाच ठरवावे लागते, आणि प्रत्येक हुकलेल्या निकालानंतर ‘एवढी वर्षे दिली, आता एक अटेम्प्ट आणखी’ हा विचार बुडीत खर्चालाच पुढच्या खर्चाचे कारण करून टाकतो. दोन-तीन गुणांनी कटऑफ हुकलेल्याला तर हा विचार टाळणे फारच अवघड असते, कारण त्याला यश खरोखरच दिसलेले असते.

अशा वेळी जो थांबतो त्याच्याकडे समाज हरलेला म्हणून पाहतो, आणि हे अन्यायाचे आहे. चिकाटी हा गुण खराच. परंतु ज्या कामासाठी आपली वृत्ती नाही, किंवा जे केवळ घराण्यात कोणी साहेब व्हावा म्हणून पत्करलेले आहे, त्यात टिकून राहणे ही चिकाटी नव्हे. तयारी सोडलेला तरुण रेघोट्यांनी भरलेले राज्यघटनेचे पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकतो किंवा खोलीतल्या धाकट्या मित्राला देऊन टाकतो, अभ्यासिकेतली जागा रिकामी करतो, आणि काही महिन्यांनी त्याच्या ध्यानात येते की, सकाळचे वर्तमानपत्र आता तो चालू घडामोडींच्या टिपणांसाठी नव्हे तर बातमीसाठी वाचतो आहे. तयारी सोडल्याबद्दल समाधान वाटावे अशी गोष्ट आहे ती हीच. शिवाय पंचायत राज, भूगोल, अर्थसंकल्प यांचे त्याने कमावलेले ज्ञान निकालाबरोबर रद्द होत नाही. गावच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचून नेमका प्रश्न विचारण्यासाठी त्याहून चांगली पूर्वतयारी क्वचितच कोणाची असेल.

सोडणे पुरेसे मात्र नसते. मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या संशोधनात दोन क्षमता वेगळ्या केल्या आहेत: अप्राप्य उद्दिष्टातून मन व श्रम काढून घेण्याची, आणि नव्या उद्दिष्टात ते पुन्हा गुंतवण्याची. या दोन्ही क्षमतांचा मानसिक स्वास्थ्याशी संबंध असल्याचे त्यांना आढळले. यांपैकी दुसरी क्षमता एकट्याच्या बळावर क्वचितच येते; तिला घराचा आधार लागतो, आणि पुष्कळ घरांत तो नेमका याच वेळी आखडता घेतला जातो.

म्हणून ज्यांच्या घरातले मूल तयारी सोडून गावी परतले आहे, त्यांनी झालेल्या खर्चाचा हिशेब पुन्हा काढू नये, नातेवाइकांसमोर निकालाचा विषय निघाल्यास तो स्वतःहून बदलावा, आणि त्याला आता काय करावेसे वाटते हे विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.